बोटांचा हिशेब : यंत्र, कामगार आणि सुरक्षेच्या नियमांचा इतिहास

१/२७
सुतारकामाच्या टेबलावर फिरणाऱ्या गोल करवतीच्या अगदी मागे, पात्याच्याच रेषेत, पोलादाची एक पातळ पट्टी उभी असते. ती लाकूड कापत नाही आणि धरतही नाही. अडचण समजून ती अनेकदा काढून ठेवली जाते. ब्रिटनमध्ये या पट्टीची सक्ती १९२२ साली नियमाने झाली. ड्रिलचा खटका, ग्राइंडरचे अर्धगोल आवरण, डोळ्यांवरचा चष्मा, अंगाबरोबर बसणारी बाही. या प्रत्येक साध्या गोष्टीमागे एखादा कायदा, एखादा खटला किंवा एखादा दीर्घ वाद उभा आहे. त्या वादाचा हा इतिहास.

२/२७
वादाचा गाभा दोन प्रश्नांचा आहे. यंत्रात बोट गेले तर दोष कोणाचा, आणि गेलेल्या बोटाची भरपाई कोणी करायची? एका बाजूचे उत्तर ठरलेले होते : कामगार निष्काळजी होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, दिवसाचे बारा तास काम करणाऱ्या माणसाचे लक्ष कधीतरी विचलित होणारच; मग त्या एका क्षणाची शिक्षा आयुष्यभराचे अपंगत्व असावी, असे यंत्र उघडे ठेवायचेच कशाला? आजचे सुरक्षेचे बहुतेक नियम या दोन भूमिकांच्या झगड्यातून घडले आहेत.

३/२७
एकोणिसाव्या शतकातील कारखान्यात प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नव्हती. तळाशी एक मोठे वाफेचे इंजिन असे. त्याच्या शक्तीवर छताजवळून जाणारा लांबच लांब लोखंडी दांडा अखंड फिरत राही. या दांड्यावरच्या चाकांवरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि एकेक यंत्र चालवीत. कामगाराला पट्टा मोकळ्या चाकावर सरकवून आपले यंत्र थांबवता येई. वरचा दांडा थांबवणे मात्र त्याच्या हाती नसे. शेकडो यंत्रे त्या एका दांड्यावर अवलंबून असत, आणि दांडा थांबला की मालकाचे उत्पादन थांबे.

४/२७
हा दांडा दिसायला निरुपद्रवी होता. त्याला दात नव्हते की धार नव्हती. परंतु गुळगुळीत फिरणाऱ्या दांड्यालाही पदर, बाही, केस किंवा सैल दोरा चिकटला की पहिला वेढा बसतो. दुसरा वेढा पहिल्याला आवळतो, आणि माणसाला हात सोडवून घ्यायला वेळच उरत नाही. कार्यशाळेत आजही सांगितला जाणारा पहिला नियम इथून आला आहे : फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे, मोकळे केस, गळ्यातला गमछा किंवा हातातले कडे नको. ड्रिलसमोर हातमोजे टाळावेत, याचे कारणही हेच. मोजा अडकला की त्याबरोबर हातही ओढला जातो.

५/२७
इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला गाजला. एका खाटकाचा नोकर जास्त माल लादलेली गाडी मोडून जखमी झाला होता. न्यायालयाने अंतिमतः निकाल मालकाच्या बाजूने दिला. पुढे याच निकालाच्या आधारे असे तत्त्व रूढ झाले की, सहकाऱ्याच्या चुकीमुळे कामगार जखमी झाला तर मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करताना कामगाराने तो धोकाही पत्करलेला असतो. कारखान्यातील जवळजवळ प्रत्येक अपघातात कुठल्या ना कुठल्या सहकाऱ्याचा हात असतोच. त्यामुळे जखमी कामगारासमोर न्यायालयाचे दार जवळपास बंद झाले.

६/२७
न्यायालयाने जे दिले नाही, ते काही अंशी संसदेने दिले. १८४४ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांना आवरण घालण्याची सक्ती केली, आणि चालू यंत्र साफ करण्याचे काम मुलांना व स्त्रियांना देण्यास मनाई केली. सुरक्षेच्या इतिहासातील हा मोठा टप्पा होय. ‘जपून काम कर’ हा उपदेश कामगारासाठी असतो. ‘यंत्र झाकून ठेव’ ही आज्ञा मालकासाठी होती, आणि ती पाळली गेली की नाही हे निरीक्षकाला डोळ्यांनी पाहता येत होते.

७/२७
लवकरच वाद पेटला. सात फुटांहून उंच असलेल्या दांड्यांनाही आवरण हवे, असा आग्रह १८५४ च्या सुमारास सरकारने धरला. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात हेन्री मॉर्ले याने त्याच वर्षी गिरण्यांतील भीषण अपघातांवर लेख लिहिला. उलट १८५५ साली गिरणीमालकांनी कायद्याविरुद्ध संघटना उभारली, आणि नामवंत लेखिका हॅरिएट मार्टिनो हिने त्यांच्या बाजूने पुस्तिका लिहिली. सरकारने उद्योगात ढवळाढवळ करू नये, अशी तिची भूमिका होती. डिकन्सच्या साप्ताहिकाने या संघटनेची, मजुरांना चिरडण्याचा हक्क जपणारी मंडळी, अशी टर उडवली.

८/२७
या फेरीत मालक जिंकले. १८५६ च्या कायद्याने दांड्यांवरील आवरणाची सक्ती मुले, तरुण कामगार आणि स्त्रिया यांच्या संपर्कात येणाऱ्या भागांपुरती मर्यादित केली. प्रौढ पुरुषाने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी, असा त्याचा अर्थ झाला. योगायोग असा की, त्याच १८५६ साली मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांच्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या गिरणीतून सूत निघू लागले. इंग्लंडहून यंत्रे आली, दांडे आले, पट्टे आले. त्यांना आवरण घालायला लावणारा कायदा मात्र हिंदुस्थानात येण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली.

९/२७
१८७५ साली मुंबईतील कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. १८७८ साली सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कामगारांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा तयार केला. लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही हिंदुस्थानी गिरण्यांवर निर्बंध हवेच होते. त्यांच्या आग्रहात दयेइतकीच स्पर्धेची चिंता होती. अखेर १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी होती, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा होती, आणि धोकादायक यंत्रांना आवरण घालण्याची तरतूद होती. परंतु तो लागू होता शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच. शंभर हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१०/२७
या कायद्याने आवरणाचे बोलणे तरी सुरू झाले. जखमी कामगाराच्या पोटाचे काय, याविषयी तो गप्प होता. हा प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले लोखंडे यांना गिरणीची आतली बाजू ठाऊक होती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले.

११/२७
निवेदनात पाच मागण्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. या चार मागण्या पुष्कळांना ठाऊक असतात. पाचवी मागणी अपघाताविषयी होती. काम करताना गंभीर जखम झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. दोष कोणाचा, हा प्रश्नच या मागणीने बाजूला ठेवला. काम करताना हात गेला, एवढे पुरेसे मानले.

१२/२७
त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने औद्योगिक अपघात विम्याचा कायदा केला. चूक कोणाची हे न पाहता जखमी कामगाराला भरपाई, हे त्याचे तत्त्व होते. ब्रिटनने १८९७ साली भरपाईचा कायदा केला. मुंबईतील कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पाचव्या मागणीला मात्र दीर्घ काळ थांबावे लागले. लोखंडे १८९७ साली निवर्तले. हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाई कायदा झाला तो १९२३ साली, आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. मागणी आणि कायदा यांत एकोणचाळीस वर्षांचे अंतर पडले.

१३/२७
या कायद्यासोबत एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेल्याने कमावण्याची शक्ती किती टक्के घटते, याचा तो तक्ता. पुढे त्यात ठरलेल्या प्रमाणानुसार अंगठा गेला तर ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, आणि अनामिका किंवा करंगळी ७. वाचताना अंगावर काटा येतो. तरीही हा तक्ता प्रगतीची खूण आहे. त्यापूर्वी बोटाची किंमत मालकाच्या मर्जीवर होती. त्याच कायद्यात एक अटही होती : कामगाराने सुरक्षेचे आवरण जाणूनबुजून काढले असेल आणि त्याचा मृत्यू झाला नसेल, तर भरपाई नाकारता येई. नगावर मजुरी असताना आवरण काढण्याची घाई त्याला का होते, हे कायदा विचारत नव्हता.

१४/२७
अमेरिकेत हा प्रश्न आकड्यांनी विचारला गेला. क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील स्त्रीने पिट्सबर्ग शहराच्या परिसरात, म्हणजे ॲलेगेनी काउंटीत, १ जुलै १९०६ ते ३० जून १९०७ या एका वर्षात कामावर मृत्यू पावलेल्या ५२६ जणांच्या प्रकरणांचा तपास केला. घरोघरी जाऊन माहिती गोळा झाली. १९१० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कामगाराचा निष्काळजीपणा हेच बहुतेक अपघातांचे कारण, ही रूढ समजूत त्या तपासापुढे टिकली नाही. थकवा, घाई, उघडी यंत्रे आणि वरिष्ठांचे हुकूम अशी कारणे पुढे आली. लगेचच अमेरिकेच्या एकेका राज्यात भरपाईचे कायदे होऊ लागले.

१५/२७
जुनी समजूत मात्र सहजी मेली नाही. १९३१ साली विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक याने औद्योगिक अपघातांवर ग्रंथ लिहिला. ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे आणि १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे होतात, असे त्याने मांडले. हा आकडा जगभरच्या कारखान्यांच्या भिंतींवर पोहोचला. त्याचा आधार प्रामुख्याने विमा दाव्यांच्या आणि मालकांच्या नोंदी हा होता. ज्या नोंदीत दोष लिहिण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे असतो, तिच्यात दोष बहुधा दुसऱ्याच पक्षाचा निघतो. नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यावर सडकून टीका केली आहे.

१६/२७
दरम्यान यंत्रच बदलत होते. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. विजेच्या मोटरीमुळे एक गोष्ट शक्य झाली : प्रत्येक यंत्राला स्वतःची शक्ती आणि स्वतःचे बटण. छताजवळचा तो अखंड फिरणारा दांडा हळूहळू अस्तंगत झाला. यंत्र थांबवण्याचा अधिकार इंजिनघरातून कामगाराच्या हाताशी आला. सुरक्षेच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, जरी ती उत्पादनाच्या सोयीसाठी झाली होती. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा, हा नियम पाळणे शक्य झाले ते यामुळेच.

१७/२७
मोटर लहान होत होत हातात आली. जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन या कंपनीने १८९५ साली विजेवर चालणारे हाती ड्रिल बनवले. ते जड होते आणि वापरायला अवघड. अमेरिकेत डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेले ड्रिल घडवले. त्याचे पेटंट १९१७ चे. मुठीवरचा हात न हलवता यंत्र चालू-बंद करता येणे, हे त्याचे वैशिष्ट्य. आजच्या हाती यंत्रांत बोट खटक्यावरून सुटले की वीज तुटते. माणूस घसरला, दचकला, बेशुद्ध पडला तरी यंत्र थांबते. खटका दाबून ठेवणारी कळ लावून किंवा दोरी बांधून काम करणारा हे संरक्षण स्वतःच मोडतो.

१८/२७
आता करवतीमागच्या त्या पट्टीकडे वळता येईल. टेबलावरील करवतीचे पुढचे दात खाली जातात आणि मागचे वर येतात. दहा इंची पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी सुमारे १४५ किलोमीटर भरतो. लाकडात ताण दडलेला असतो. चिरताना फटीच्या दोन बाजू पुन्हा जवळ येऊन पात्याला चिमटा घेतात. मग मागचे दात ती फळी उचलून थेट कामगाराच्या अंगावर फेकतात. फळीवर दाबलेला हात त्याच झटक्यात पात्यावर जाऊ शकतो. मागची पट्टी फट उघडी ठेवते, म्हणून चिमटा बसत नाही. ही ‘रायव्हिंग नाइफ’ची सारी करामत.

१९/२७
१९२२ च्या ब्रिटिश लाकूडकाम यंत्र नियमांनी गोल करवतीसाठी तीन गोष्टी सांगितल्या : टेबलाखालचा भाग झाकणे, मागे पट्टी उभी करणे, आणि वर मजबूत पण हलवता येणारे आवरण ठेवणे. हाताने लाकूड सरकवायच्या करवतीजवळ ढकलकाठी ठेवणेही बंधनकारक झाले. रंध्याच्या यंत्राची कथा तर अधिक बोलकी आहे. जुन्या यंत्रातील पात्यांचा ठोकळा चौकोनी असे. त्याच्या मोठ्या खाचेत संपूर्ण पंजा ओढला जाई. गोल ठोकळ्यात फट अरुंद राहते, म्हणून जखम झाली तरी बोटाच्या टोकापुरती. नियमांनी गोल ठोकळ्याची सक्ती केली. कामगार तेच राहिले. त्यांची सवय बदलावी लागली नाही.

२०/२७
आजच्या कार्यशाळेत सर्वांत जास्त हाताळले जाणारे आणि सर्वांत कमी घाबरले जाणारे यंत्र म्हणजे ॲंगल ग्राइंडर. जर्मनीच्या आकरमान आणि श्मिट या कंपनीने १९५४ साली त्याचा वेगवान अवतार बाजारात आणला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. त्याच यंत्राचे आवरण काढून सात इंची चकती लावली तर कडेचा वेग सेकंदाला १०० मीटर ओलांडतो. चकतीवर मर्यादा छापलेली असते बहुधा ८० मीटरची. चकतीतला ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ती फुटते, आणि तुकडे ज्या दिशेला आवरण नाही त्या दिशेला जातात.

२१/२७
घासण्याच्या दगडावरूनच ब्रिटनमध्ये १९५५ साली महत्त्वाचा निकाल लागला. फिरत्या दगडाला लागून एका कामगाराच्या अंगठ्याला इजा झाली. कंपनीचा बचाव सरळ होता : दगड पूर्ण झाकला तर त्यावर काम कसे करायचे? हाउस ऑफ लॉर्ड्‌सने उत्तर दिले की, धोकादायक भाग सुरक्षित झाकण्याचे कर्तव्य निरपवाद आहे; त्यामुळे यंत्र निरुपयोगी ठरले तरी ते कर्तव्य संपत नाही. १८५६ साली प्रौढ पुरुषाच्या ज्या सुरक्षेवर पाणी सोडले होते, ती शंभर वर्षांनी अशा रीतीने पुन्हा मान्य झाली.

२२/२७
यंत्र हातात आले तशी वीजही हातात आली. सुरुवातीच्या यंत्रांचे कवच धातूचे होते. आतली तार उघडी पडली की संपूर्ण कवचात प्रवाह उतरे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून शोधले की, हातातली तार माणूस किती प्रवाहापर्यंत सोडू शकतो. पुरुषांसाठी सरासरी उत्तर निघाले सुमारे १६ मिलिअँपिअर. साठ वॉटच्या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहाचा जेमतेम सोळावा भाग. त्यापुढे स्नायू आवळतात आणि मूठ उघडतच नाही. १९६१ साली त्यांनी गळती होताच वीज तोडणारे उपकरण बनवले. आज घराघरांत असलेले गळतीरोधक स्विच त्याच तत्त्वावर चालतात.

२३/२७
स्वतंत्र भारताने १९४८ साली नवा कारखाना कायदा केला. त्याचे कलम २१ सांगत होते की, यंत्राच्या फिरत्या भागांवरील आवरण मजबूत हवे, आणि यंत्र चालू असताना ते जागेवर हवे. कलम २२ नुसार चालू यंत्राची पाहणी किंवा वंगण देणे आवश्यकच असेल, तर ते काम प्रशिक्षित कामगाराने घट्ट बसणारे कपडे घालून करावे. आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. कलम ३० नुसार घासण्याच्या दगडाची वेगमर्यादा यंत्राजवळ लिहून लावावी लागे. कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणाविषयी होते. लोखंडे यांच्या काळातील मजूर बहुधा स्वतःच्या धोतरासकट दांड्याखाली उभा असे; घट्ट कपड्यांची जबाबदारी मालकावर टाकणारे हे कलम त्या तुलनेत मोठी मजल आहे.

२४/२७
विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांच्या दारात पोहोचला. अमेरिकेतील स्टीफन गॅस या भौतिकशास्त्रज्ञ आणि पेटंट वकिलाने १९९९ साली एक कल्पना मांडली : माणसाचे शरीर वीज वाहते, लाकूड जवळजवळ नाही, मग पात्याला त्वचेचा स्पर्श ओळखता येईल. त्याचे यंत्र स्पर्श होताच सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबवी. २००० साली त्याने ते जाहीर दाखवले, आणि एका प्रयोगात स्वतःचे बोटही पात्याला लावले. मोठ्या उत्पादकांनी परवाना घेण्याचे टाळले. तेव्हा त्याने स्वतःच करवती विकायला सुरुवात केली. २०१० साली एका जखमी कामगाराला अमेरिकन ज्यूरीने १५ लाख डॉलरची भरपाई दिली. असे तंत्र उपलब्ध असताना ते न वापरणारी करवत सदोष ठरते, हा तेथील युक्तिवाद होता.

२५/२७
भारताने असे पाऊल त्याआधीच एका यंत्राबाबत उचलले होते. हरितक्रांतीनंतर गावोगावी विजेवर चालणारी मळणी यंत्रे आली. पेंढी सरकवताना हात आत ओढले जाऊ लागले. शेत म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून कारखाना कायदा तिथे पोहोचत नव्हता. १९८३ च्या धोकादायक यंत्रे नियमन कायद्याने वेगळी वाट धरली. कामाची जागा किती मोठी, कामगार किती, हे पाहण्याऐवजी त्याने यंत्र तयार करणाऱ्याला परवान्याचे आणि सुरक्षिततेचे बंधन घातले, आणि जखमीच्या भरपाईची तरतूद केली. अंमलबजावणी कितपत झाली हा निराळा विषय. विचार मात्र अचूक होता.

२६/२७
कारण कारखाना कायद्याचे दार नेहमीच एका आकड्याने उघडते किंवा बंद होते. १८८१ साली तो आकडा १०० कामगार असा होता. १८९१ साली ५० झाला, १९२२ साली २०, आणि १९४८ साली विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १०. म्हणजे साठ-सत्तर वर्षे आकडा खाली येत होता आणि संरक्षणाचे छप्पर वाढत होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो पुन्हा २० झाला. पाच-सहा जणांच्या फर्निचरच्या गाळ्यात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा चालू बांधकामावर ग्राइंडर धरणारा तरुण १८८१ सालीही या दाराबाहेर होता. बहुतेक वेळा तो आजही बाहेरच आहे.

२७/२७
या इतिहासातून नियमांचा एक क्रम हाती लागतो. आधी यंत्राची रचना सुरक्षित हवी. मग आवरण, पट्टी आणि खटका शाबूत हवा. मग वीज तोडणारा स्विच आणि चांगली अर्थिंग. त्यानंतर चष्मा, बूट, घट्ट कपडे. आणि ‘जपून काम कर’ हा उपदेश सर्वांत शेवटी. ज्या गाळ्यात निरीक्षक कधी येत नाही, तिथे हा क्रम पाळून घेण्याचे काम मालक, मिस्त्री आणि शिकाऊ मुलगा यांच्यावरच पडते. तिथे सकाळी पहिला माणूस करवत सुरू करण्याआधी मागची पट्टी जागेवर आहे की नाही हे पाहतो, तेव्हा तो १९२२ चा तो नियमच पाळत असतो. आणि ती पट्टी नसल्यास यंत्र सुरू न करण्याचा हक्क त्याला असला पाहिजे, त्या दिवसाची मजुरी न गमावता. लोखंडे यांची पाचवी मागणी त्या गाळ्यापर्यंत पोहोचणे अजून बाकी आहे.